पाचवीची सोयरीक

उपेंद्र दिवेकरांना वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे. जालहळ्ळीच्या सरकारी कारखान्यात ते यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. इंचाच्या हजाराव्या भागाचीही चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती, आणि ही गोष्ट समोरच्याला ठाऊक नसेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत ठाऊक करून द्यायचे. अशा माणसाला शाळाखात्याकडून पाचवीच्या वर्गाची परवानगी आणणं काय जड? कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ते इन्स्पेक्टरसाहेबांसमोर बसले तेव्हा एकसष्ट सालचा मार्च चालू होता आणि दिवेकरांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता.

गरजही खरी होती. दिवेकरांची एकुलती एक कल्पना मल्लेश्वरमच्या मराठी शाळेत चौथीत होती, आणि बंगलोरात मराठी शाळा चौथीला संपत होती. पुढं एक तर कानडी शाळा, नाही तर कॉन्व्हेंट. वाईहून नोकरीसाठी आल्यापासून दिवेकर ज्याला त्याला सांगत आले होते, "माझी मुलगी मराठीतच शिकेल." मराठी मंडळाच्या गणपतीत भाषण करताना तर त्यांनी हे टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. पाचवी निघाली नाही तर ती मूठ कुठं ठेवायची, हा प्रश्न होता.

इन्स्पेक्टर बसवंत हुक्केरी बेळगावकडचे. मराठी ऐकून खूश झाले, चहा मागवला आणि फाईल बाजूला सारून म्हणाले, "बघा की ओ दिवेकर, नियम सरळ हाय. एक संस्था, एक खोली, तीस पोरं. तुमच्या मंडळाकडं चौथी पास होणारी किती?"

"चौदा."

"आणि पेठवाल्यांकडं सोळा. त्यांचा पण अर्ज पडलाय हितं. दोघं एक व्हा, एकच अर्ज द्या. मी तीस मेला येऊन डोकी मोजतो आणि सही करतो. एक कमी पडलं तरी माझा हात बांधलेला, हे आधीच सांगतो."

चौदा आणि सोळा तीस. दिवेकरांनी मनातल्या मनात दोनदा बेरीज केली आणि हसतमुखाने घरी आले.

"एका आठवड्यात होतं," ते बायकोला म्हणाले.

प्रतिमाबाईंनी कॉन्व्हेंटचा फॉर्म आधीच आणून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "होऊ दे. पण ह्याची शेवटची तारीख आहे. मी मुलीला घरी बसवायची नाही." दिवेकरांनी हे ऐकलं, पण सभेत अध्यक्ष आभार मानतात तेव्हा जसं ऐकतात तसं.

आता ह्या दोन संस्थांविषयी थोडं सांगायला हवं. पेठवाल्यांच्या तीन शाळा होत्या. ही मंडळी दीडदोनशे वर्षांपूर्वी इकडं आलेली. शिवणकाम, कापडाचा धंदा, पेठेत स्वतःची घरं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. मंडळवाल्यांच्या शाळा दोन. ही मंडळी गेल्या दहा वर्षांत कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत नोकरीला आलेली, भाड्याच्या घरात राहणारी आणि अनुस्वारावरून भांडणारी. पेठवाले मंडळवाल्यांना 'पुणेवाले' म्हणत, मग तो माणूस नागपूरचा का असेना. मंडळवाले पेठवाल्यांना काहीच म्हणत नसत, कारण त्यांच्याकडं कधी जातच नसत.

दिवेकर मंडळाचे चिटणीस. त्यांनी पेठेच्या अध्यक्षांना, कृष्णाजीराव पतंगे यांना, दोन पानी पत्र लिहिलं. भाषा इतकी शुद्ध की घेताना पोस्टाच्या पेटीलाही संकोच वाटावा. पंधरा दिवस उत्तर नाही. शेवटी चिकपेठेतल्या कापडाच्या दुकानात ते स्वतःच जाऊन उभे राहिले. पतंगे गादीवर लोडाला टेकून बसले होते. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची.

"अण्णा, आमचं पत्र मिळालं का?"

"मिळालं की," अण्णा म्हणाले. "आमच्या पेठंत पोष्टानं दोनच वस्तू येतात दिवेकरराव. एक कोर्टाची नोटीस आन दुसरं तेराव्याचं कार्ड. तुमचं कुठलं, ते समजंना. म्हणून ठेवलोय तसंच. स्वल्प काफी घेता?"

कॉफी उत्तम होती, पण दिवेकरांना गोड लागली नाही. घरी येऊन त्यांनी ही हकीकत शेजारच्या मथुराकाकूंना सांगितली. मथुराकाकू हुबळीच्या, आजवर सतरा लग्नं जमवलेल्या, त्यातली पंधरा टिकलेली. त्यांनी हातातलं वातीचं तबक खाली ठेवलं.

"अहो उपेंद्रराव, पत्र कसलं पाठवता? दोन घरं एक करायची तर ते लग्नच की. नारळ-सुपारी घेऊन जा, कुंकू लावा, मान द्या. पेठेतली माणसं मानाची भुकेली, बाकी मनानं लोणी."

दिवेकरांना हे पटलं. पटायला नको होतं. पुढच्या रविवारी ते नवा नारळ, पाच सुपाऱ्या आणि विड्याची पानं घेऊन अण्णांच्या घरी गेले. अण्णांनी उठून स्वागत केलं, नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला, आत हाक मारली आणि घरातल्या बायका हसत हसत बाहेर डोकावून गेल्या. तासाभरात पेठेत साखर वाटली गेली. दिवेकर विजयी मुद्रेने जटक्यात बसले, घोड्याच्या प्रत्येक उसळीला मान हलवत घरी आले आणि त्यांनी इतिवृत्तात लिहिलं : 'बोलणी अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात सुरू झाली.'

बुधवारी अण्णांचा निरोप आला, माणसाबरोबर, तोंडी. मुलीकडच्यांनी नारळ घेऊन येऊन मागणी घातली, आम्ही पदरात घेतली. आता रीतीप्रमाणं मुलगी आमच्या घरी नांदायला येईल, म्हणजे पाचवी आमच्या इमारतीत भरेल. नाव आमचं लागेल. येताना बाकं, काळे फळे आणि नकाशे तुम्ही घेऊन या.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर दामोदर केळशीकर हे धातूंवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. आवाज कधी चढवायचे नाहीत. निरोप ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दिवेकर, आपण मुलीकडचे?"

"नाही, म्हणजे, नारळ सहज..."

"पदवीधर आपल्याकडे अकरा आहेत. त्यांच्याकडे एक. आणि आपण मुलीकडचे?" मग ते शांतपणे म्हणाले, "त्यांना म्हणावं, तुम्ही नारळ घेऊन या. मग बोलू."

इथून पुढं महिनाभर दिवेकर मल्लेश्वरम आणि चिकपेठ ह्यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिले. अण्णांचं म्हणणं, एकदा घेतलेला नारळ परत जात नसतो, घरात अपशकुन होतो. डॉक्टरांचं म्हणणं, मग बरोबरीने दुसरा इकडे येऊ दे. अण्णा म्हणत, मुलाकडचे आधी येत नसतात. डॉक्टर म्हणत, मुलाकडचे आम्ही. दिवेकरांनी दोन्हीकडचा मान राखायला अण्णांच्या नावाने एक नारळ स्वतःच विकत घेऊन डॉक्टरांना नेऊन दिला; तो डॉक्टरांनी हलवून पाहिला आणि विचारलं, "हा मल्लेश्वरमच्या बाजारातला दिसतो. पेठेतून आलेला नारळ आपल्या वाण्याच्या पिशवीत कसा?" शास्त्रज्ञांशी खोटं बोलण्यात हाच धोका असतो.

मग कुणीतरी पत्रिकेची टूम काढली. कुणी, हे आजही निश्चित सांगता येत नाही, पण मथुराकाकू त्या आठवड्यात दोनदा पेठेत हळदीकुंकवाला जाऊन आल्या होत्या. दोन्ही संस्थांच्या स्थापनेच्या तारखा जोशीबुवांपुढं ठेवल्या गेल्या. मंडळाची स्थापना रविवार सोयीचा म्हणून केली होती आणि तो रविवार नेमका अमावास्येचा निघाला. शिवाय मंडळाला मंगळ.

"माझा ह्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही," डॉक्टर केळशीकर म्हणाले. "पण आपल्याला मंगळ असेल तर त्यांनाही असलाच पाहिजे. त्यांची पत्रिका दुसरीकडे दाखवून आणा."

दिवेकरांनी आणली. पेठवाल्यांनाही मंगळ होता. दोन्हीकडं इतका आनंद झाला की चार दिवस कुणी कुणाला टोमणा मारला नाही, आणि त्या चार दिवसांत दिवेकरांनी पुष्कळ काम उरकून घेतलं. वर्ग पेठेत भरायचा ठरलं. बाकं दोन्हीकडची, एक आड एक मांडायची ठरलं. राहिलं नाव. कुणाचंच नाव खाली पडू नये म्हणून दोन्ही नावं पूर्ण घ्यायची, आणि कुणाचं आधी हा वाद नको म्हणून एकाचा एक शब्द, मग दुसऱ्याचा एक शब्द असं गुंफायचं ठरलं. नाव चौदा शब्दांचं झालं. शिक्का करणाऱ्याने ते वाचून विचारलं, "शिक्का पाहिजे का ताट?" नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने फॉर्मवरचे चौकोन मोजून दाखवले. चौकोन चाळीस होते आणि ते नावाच्या पाचव्या शब्दापाशीच संपत होते. दिवेकरांनी नाव लहान करून आणलं, तर कारकून म्हणाला, आधीच्या नावाने ठराव झालाय, आता नाव बदलल्याचा ठराव आणा, तोही दोन्ही संस्थांचा, तीन-तीन प्रतींत, कानडी भाषांतरासह. बारा ठराव झाले. दिवेकरांच्या घरी जेवणाच्या पाटापासून देवघरापर्यंत कागद पसरले आणि प्रतिमाबाई त्यांच्यामधून वाट काढत ताटं वाढू लागल्या.

कारखान्यात आता दिवेकरांना 'मामा' म्हणत, म्हणजे अंतरपाटापाशी मुलीला आणून उभी करणारा तो मामा. दिवेकर ह्या विनोदाला हसले नाहीत. त्यांच्या नकाशात एक भोक चुकीच्या जागी पडलं, नोकरीतलं पहिलं, तेव्हाही ते हसले नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडचे एकदाचे दमले. नाव ठरलं, 'संयुक्त मराठी विद्यालय', अगदी तीनच शब्द, ज्यात कुणाचंच काही नव्हतं आणि म्हणूनच कुणाची हरकत नव्हती. सव्वीस मेला कागद कचेरीत द्यायचे होते. पंचवीसला दिवेकर सकाळपासून सह्या करत बसले. डाव्या हाताने कागद ओढायचा, उजव्या हाताने सही, वर नवाकोरा शिक्का. प्रतिमाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, कॉन्व्हेंटची मुदत आज संपते. तुमचं अजून काही दिसत नाही. फॉर्म भरते मी. शाळेतल्या वसुमतीबाईंकडून शाळा सोडल्याचा दाखलाही लिहून आणलाय. दोन्हींवर सही लागेल तुमची."

"ठेव ठेव, गठ्ठ्यात ठेव."

"वाचून करा."

"अगं, मंजूर! इतकं वाचत बसलो तर पुढच्या वर्षी पाचवी निघेल."

त्यांनी सही केली आणि शिक्काही मारला. फॉर्मवर मारला, दाखल्यावर मारला. कॉन्व्हेंटच्या इतिहासात पालकाच्या सहीखाली 'चिटणीस, संयुक्त मराठी विद्यालय' असा शिक्का असलेला तो एकमेव अर्ज असावा.

तीस मेला दिवेकर पहाटे सहालाच पेठेत गेले. दारावर आंब्याचं तोरण, आत एक आड एक मांडलेली बाकं. अण्णा जरीचा रुमाल बांधून आले होते, डॉक्टर कोट घालून. दोघं खोलीच्या दोन टोकांना उभे होते, पण खोली एकच होती, हेही थोडं नव्हतं. बसवंत हुक्केरी आले, हार घालून घेतला, खुर्चीत बसले आणि एकेक नाव वाचू लागले. पेठेची सोळा मुलं एकामागून एक हजर झाली. मंडळाची तेरा झाली.

"एकोणतीस," हुक्केरी म्हणाले. "तिसावं?"

दिवेकर ऐटीत इकडंतिकडं बघू लागले. कुठलं हे बेजबाबदार घर, असा चेहरा करून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ह्या पालकांची कडक दखल घ्यायला हवी. नाव काय त्या मुलाचं?"

मुख्याध्यापिका वसुमतीबाईंनी पदराने घाम टिपला आणि दाखल्याची शाळेकडची प्रत पुढं केली. "हिने शाळा सोडली ना. दाखल्यावर तुमचीच सही आहे, दिवेकर. मला वाटलं, घरात विचार करूनच केलं असेल."

दिवेकरांनी नाव वाचलं. कल्पना उपेंद्र दिवेकर. कॉन्व्हेंटचं कारणही सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. एकसष्ट सालच्या मेमध्ये चिकपेठेत जमिनीने दुभंगून एका माणसाला पोटात घ्यावं अशी एका माणसाची फार इच्छा होती. अण्णांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा मुलांकडं. पहिल्या बाकावरची शालन पतंगे, अण्णांची नात, नवं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"आजोबा, पाचवी नाही?" तिने विचारलं.

हुक्केरींनी घड्याळ पाहिलं. "दिवेकर, मी पाच वाजेपर्यंत बंगलोरातच हाय. तोवर तिसावं डोकं दाखवा. कुठंही दाखवा. त्यापुढं मात्र माझं काही चालत नाही."

दिवेकर जटका करून घरी आले. प्रतिमाबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाळ निवडतच राहिल्या.

"दाखला दे," दिवेकर म्हणाले. "कॉन्व्हेंटात अजून दिला नाहीस ना?"

"नाही. कपाटात आहे."

"मग दे ना!"

"का?"

हा प्रश्न दिवेकरांना बारा ठरावांत कुणी विचारला नव्हता.

"गेले दोन महिने," प्रतिमाबाई म्हणाल्या, "तुम्ही ह्याच्या दारी गेलात, त्याच्या दारी गेलात. ह्याचा मान, त्याचा मान. पत्रिका पाहिल्यात. जिच्यासाठी हे चाललंय तिच्या आईला एकदा तरी विचारलंत, की बाई, तू काय म्हणतेस? मी समोर उभी राहून सांगितलं तर म्हणालात, गठ्ठ्यात ठेव." त्यांनी डाळ बाजूला सारली. "मलाही तिला मराठी शिकवायचंय हो. पण तुमचा माझ्यापेक्षा त्या शिक्क्यावर जास्त विश्वास. मुलगी माझी आहे. ज्यांना ती हवी आहे त्यांनी रीतीने इथं यावं आणि मागावी."

दिवेकर उलट बोलायला तोंड उघडणार होते. मग त्यांना आपण कशाकशावर सही केली ते आठवलं आणि त्यांनी तोंड मिटलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. असं त्यांनी ह्यापूर्वी कधी म्हटलं होतं, हे दोघांनाही आठवेना. मग ते तसेच उन्हातून पुन्हा पेठेत गेले.

खोलीत उभं राहून त्यांनी बायकोचा निरोप सांगितला, एक शब्दही न गाळता. सांगून झाल्यावर वाट पाहू लागले, की आता पहिला कोण म्हणतो आम्ही कुणाच्या दारी जात नसतो. अण्णांनी पायात वहाणा सरकवल्या.

"सरी, चालतंय की. अक्का म्हणती ते बरोबर हाय. ह्यांना आधी विचारायला पायजे होतं. चला डाक्टर."

"चला," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गाडीत तिघं मावतील."

चार वाजता दिवेकरांच्या दोन खोल्यांच्या घरात एकवीस माणसं होती. सतरंजी पुरेना म्हणून मथुराकाकूंनी आपली चटई आणली आणि चटईबरोबर स्वतःही आल्या. अण्णा आणि डॉक्टर भिंतीला लागून एकाच बाकावर बसले, कारण दुसरं नव्हतं. हुक्केरींना एकुलती खुर्ची मिळाली. प्रतिमाबाई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या.

"आधी एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्यात मुलाकडचे कोण?"

"आम्ही," अण्णा म्हणाले.

"आम्ही," डॉक्टर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अण्णांनी थोडं सरकून डॉक्टरांना बाकावर नीट जागा करून दिली आणि विषय तिथंच संपला.

"आमची एकच अट," प्रतिमाबाई म्हणाल्या. "पुढं कुठलाही ठराव होईल तो आयांना विचारून. विद्यालयाच्या समितीत अर्ध्या बायका. इकडच्या आणि तिकडच्या."

"मंजूर," दिवेकर सवयीने म्हणाले आणि बायकोची नजर पाहून गप्प बसले. दोन्हीकडच्या मंडळींनी मात्र खरोखर विचार केला, आपापसांत कुजबुज केली आणि मग मान हलवली. प्रतिमाबाईंनी कपाटातून दाखला काढून वसुमतीबाईंच्या हातात दिला. वसुमतीबाईंनी तो सर्वांसमक्ष फाडला, चार तुकडे, व्यवस्थित.

मग कल्पनाला बाहेर बोलावलं. अण्णांबरोबर आलेल्या शालनने तिला हाताला धरून आणलं. हुक्केरी खुर्चीत पुढं वाकले.

"नाव काय बाळ तुझं?"

"कल्पना उपेंद्र दिवेकर."

"आणि कुठल्या यत्तेत तू?"

"पाचवीत," कल्पना म्हणाली. "बाबांनी अजून कुठं सही केली नसेल तर."

अण्णा इतके हसले की जरीचा रुमाल सुटला. डॉक्टर केळशीकर चष्मा पुसत राहिले. प्रतिमाबाई पहिल्यांदा हसल्या नाहीत, मग त्याही हसल्या. बसवंत हुक्केरींनी एकोणतिसावर काट मारून तीस लिहिलं आणि कागद दिवेकरांपुढं सरकवला. दिवेकरांनी पेन उघडलं, क्षणभर थांबून पुन्हा बंद केलं, आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पाच वाजत आले होते, चहा निवत होता, पण कुणीही त्यांना घाई केली नाही.